शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

प्रेषक: गोधडी गट, संयोजिका
विषय: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

मंडळी, नमस्कार.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात निघालेला विषय तिळगुळाबरोबर विरघळून जाऊ नये म्हणून लगेच लिहिते आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते एक, आपल्या मंडळाच्या नेहमीच्या हॉलमागची छोटी खोली मिळते आहे. तिथे बसून गोधड्या, क्विल्ट, रजया, जे म्हणाल ते शिवायचं आणि ज्यांना गरज आहे त्यांना द्यायचं.

मी इथल्या क्विल्ट गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्ट शिवणाऱ्यांच्या मंडळात, बरीच वर्षं जाते. इथे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये, अशी गिल्डं बरीच आहेत आणि बहुतेकांचा एक गट फक्त देण्यासाठी शिवतो. कुठे जातात हे क्विल्ट? आजारी किंवा संकटात सापडलेल्या मुलांसाठी ‘प्रोजेक्ट लायनस’ आहे. १९९५ साली कॉलोराडोत सुरू झालेलं हे काम आता देशभर चालतं. २००३ पासून ‘क्विल्ट्स ऑफ व्हॅलर’ आहे, ते युद्धावर जाऊन आलेल्या सैनिकांना देतात. आणि ‘लुथरन वर्ल्ड रिलीफ’ आहे. १९४५ पासूनची संस्था. त्यांच्यासाठी चर्चच्या तळघरांत बसून म्हाताऱ्या बायका गाठी मारून क्विल्ट बांधतात आणि ते निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत जातात. अशा एका तळघरात मी मंगळवारी सकाळी जाते. तिथल्या बहुतेक जणी सत्तरीच्या पुढच्या आहेत, जमिनीवर गुडघे टेकून अस्तर पसरायला आता कुणी धजत नाही. म्हणून टेबलं जोडून घेतात.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील तर त्यांना जरूर आणा. त्यांचा दिवस जाता जात नाही हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे.

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

ताई, हिशेब मांडतो, राग मानू नये.

क्विल्टच्या दुकानात चांगलं सुती कापड बारा डॉलर वारापासून पुढे. ६० बाय ८० इंचाच्या एका क्विल्टला वरचं, अस्तर आणि कडेची पट्टी मिळून नऊएक वार लागतं. वर बॅटिंगचे, म्हणजे आतल्या ऊबदार थराचे, वीस. म्हणजे एक नग सव्वाशेच्या पुढे, मजुरी शून्य धरून. दुकानात फ्लीसचं ऊबदार ब्लँकेट पंधरा-वीसला मिळतं. त्याच पैशात सहा मुलं पांघरूण घेतील. मग चेक लिहून मोकळं का होऊ नये?

प्रेषक: गोधडी गट, संयोजिका
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

साहेब, आकडे अगदी बरोबर. फक्त कुणी नऊ वार नवं कापड विकत आणतंय असं धरू नका. क्विल्ट शिवणाऱ्या प्रत्येकीच्या घरी कपाटभर उरलेलं कापड असतं आणि त्यांचे नवरे ते कुणी घेऊन गेलं तर दुवा देतात. लुथरनवाल्यांना जुनं पण धडधाकट कापडही चालतं: चादरी, पडदे. आत बॅटिंगऐवजी जुनं ब्लँकेट घातलं तरी हरकत नसते. चर्चच्या तळघरात एका क्विल्टला खर्च येतो तो दोऱ्याचा.

आणि चेक नको कोण म्हणतंय? गोधडीतूनही पैसा उभा राहतो. १९१७ साली, इथे पहिल्या महायुद्धाचा धामधुमीचा काळ, बायकांच्या एका मासिकानं रेड क्रॉससाठी एका क्विल्टमधून हजार डॉलर जमवायचा आराखडा छापला होता. पैसे देणाऱ्याचं नाव क्विल्टवर लाल दोऱ्यानं भरायचं. गावोगावी ते झालं, आणि अशा क्विल्टवरची नावं वाचून आज लोक आपल्या पणज्या शोधतात. गणपतीच्या वर्गणीची पावती दुसऱ्या दिवशी कुठे असते हो?

प्रेषक: एका सभासदाच्या आई (लिहून घेतलंय सुनेनं)
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

सूनबाई वाचून दाखवते तेवढं ऐकलं. साताऱ्याकडची आहे मी. आमच्याकडं वाकळ म्हणतात. वाकळंला नऊ वार नवं कापड? नव्या कापडाची वाकळ कुणी शिवतं का! ते टोचतं अंगाला. वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं पायजे, धोतर पायजे. दोन लुगडी खालीवर, मधी जुनेरं पसरायची, सुरकुती राहू द्यायची नाही. जमिनीवर अंथरून चौघीजणी चार बाजूंना बसायचं. कडेपासनं धावदोरा घालत आत आत यायचं, मग मधलं कापड गोळा होत नाही. सुगी सरली की अंगणात हेच चालायचं. ज्या घरची वाकळ त्या घरचा चहा. पैशे कुणी घेत नव्हतं आणि मोजत पण नव्हतं, पण कुणाच्या वाकळंला कोण आली नव्हती ते मात्र सगळ्यांच्या ध्यानात राहायचं.

मी इथं एप्रिलपर्यंत आहे. डोळ्याला दोरा ओवता येत नाही, तेवढं कुणीतरी ओवून द्या. बाळंतपणातली दुपटी शिवीन म्हणते, दवाखान्यात द्यायला. माझ्या बॅगेत दोन सुती साड्या आहेत, त्या फाडा.

प्रेषक: एक सभासद (नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका)
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

आजी, नमस्कार. तुमचं वाचून माझ्या आजीच्या हातची गोधडी आठवली, पण मला जरा खलनायिका व्हावं लागणार आहे.

इथे बाळ वर्षाचं होईपर्यंत पाळण्यात काहीही मऊ आणि सुटं ठेवायचं नाही असा बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा स्पष्ट सल्ला आहे. दुपटं नाही, गोधडी नाही, उशी नाही, चेंडूएवढी बाहुलीसुद्धा नाही. झोपेत तोंडावर येऊन श्वास कोंडण्याचा धोका असतो. त्यामुळे दुपटी म्हणून दिली तर वॉर्डातल्या मुली गोड हसून घेतील आणि पाळण्यात घालणार नाहीत.

पण आमच्याकडे एका वस्तूची कायम गरज असते: काचपेटीवरचं आच्छादन. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला उजेड सहन होत नाही, म्हणून पेटीवर बाहेरून जाड कापड टाकतात. ते गोधडीसारखंच असतं. आईला दिवसाचे तास त्या पेटीशी बसून काढायचे असतात, आणि पांढऱ्या यंत्रांच्या गर्दीत तेवढाच एक रंग असतो. बाळ घरी जाताना ते आच्छादन बऱ्याच आया मागून नेतात. बाळाच्या अंगावर न घालता जमिनीवर पसरायला पुढे ते उपयोगी पडतं.

अटी मात्र आहेत. कापड नवं, सुती, आधी धुतलेलं. बटणं, टिकल्या, जरी, मणी काही नाही. सिगारेट, मांजर-कुत्रं, अत्तर यांचा वास नाही, आणि (हे फक्त आपल्यासाठी) डांबरगोळ्यांचा वास नाही! कपाटातून काढलेली साडी सहा धुण्यांनंतरही ओळखू येते. माप प्रत्येक रुग्णालयाचं वेगळं, म्हणून आधी विचारून मगच कात्री लावा. मागे एका वॉर्डात कुणीतरी मोठ्या प्रेमानं दिलेली चाळीस आच्छादनं पेटीपेक्षा आखूड निघाली, ती महिनोन्‌महिने खोक्यातच पडून होती.

प्रेषक: एक सभासद (मूळचे बेळगावचे)
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

जुन्या कापडाची बाजू घ्यायला कुणीतरी हवं म्हणून लिहितो.

आमच्या बेळगावच्या खाली हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्या बायका ज्या गोधड्या शिवतात त्यांना कवंडी म्हणतात. आजी म्हणतात तसंच, कडेपासून आत. पण त्यांच्या कापडाच्या घड्या, रंगांचे तुकडे बघत राहावं. चारी कोपऱ्यांना घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्याला ‘फूल’ म्हणतात. फूल नसेल तर कवंडी उघडी समजतात. इथल्या एका प्राध्यापकाच्या मदतीनं २००४ च्या सुमारास त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि त्या कवंड्या अमेरिकेत प्रदर्शनांना आल्या.

अमेरिकेतलंच उदाहरण हवं तर अलाबामातलं जीज बेंड घ्या. शेतमजूर काळ्या बायकांनी झिजलेल्या डेनिमच्या पँटी, पोत्यांचं कापड यांचे क्विल्ट केले, थंडीवर उपाय म्हणून. १९६६ साली तिथल्या भागात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली, नागरी हक्कांच्या लढ्याच्या ऐन धामधुमीत, कारण मतदानाला नाव नोंदवलं म्हणून माणसं कामावरून, घरातून काढली जात होती आणि हातात चार पैसे हवे होते. २००२ मध्ये तेच क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतीवर लागले, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आले. खजिनदारांनी त्यांची किंमत वारावर लावून पाहावी.

मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. पण मोठी गाडी आहे, शनिवार मोकळा आहे. टेबलं, खोकी, आजी, काय न्यायचं-आणायचं ते सांगा.

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

मुलगा अकरावीत आहे. शाळा उत्तीर्ण व्हायला समाजसेवेचे ७५ तास पुरे व्हायचे आहेत, निम्मे अजून बाकी. तो आला तर मंडळ तासांचा दाखला देईल का?

प्रेषक: गोधडी गट, संयोजिका
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकत्रच लिहिते, जरा लांबेल.

मुलाला पाठवा. तासांचा दाखला शाळा मंडळाच्या नावावर मान्य करते का ते आधी शाळेला विचारून घ्या, कारण प्रत्येक काउंटीचे नियम वेगळे असतात. केलेल्या तासांवर मी सही करीन, न केलेल्या तासांवर करणार नाही, मग आई कितीही जवळची मैत्रीण असो. पोरांना काम भरपूर आहे: इस्त्री करायची, गाठींसाठी दोरे कापून ठेवायचे, आजींना पन्नास सुया ओवून द्यायच्या. रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याची कातरणी, मात्र मोठ्यांच्याच हातात. ते पातं कापड आणि बोट यांत फरक करत नाही.

आता कापडाचं. दोन वाटा वेगळ्या ठेवू. काचपेटीची आच्छादनं नव्या कापडाची, मापं परिचारिका-ताई आणतील. आणि लुथरनच्या रजयांसाठी तुमची जुनी सुती कापडं, ६० बाय ८० इंच. त्यांत एकच गोष्ट जपायची: झेंडे, लष्करी ठिपके आणि कुठल्याही धर्माची चिन्हं त्यांना कापडावर नको असतात. रजई कुणाच्या छावणीत, कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. म्हणजे क्रॉस नको तसंच ॐ नको, गणपती नको, पादुका छापलेल्या उपरण्यांचे गठ्ठे तर कृपा करून आणूच नका. दोन घरांत ते आहेत, मी पाहिले आहेत. आजींच्या साड्या आत घालू, वर मजबूत चादरीचं कापड. आजी, टोचणार नाही, वचन.

मुख्य मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी हळदीकुंकवात मांडला नव्हता. गिल्डमध्ये इतकी वर्षं पाहते आहे: कुठलाही गोधडी गट शिवणाऱ्या माणसांवाचून बंद पडत नाही. तो अर्धवट कामाच्या ढिगाखाली बंद पडतो. टॉप, म्हणजे तुकड्यांचा वरचा थर, जोडायला सगळ्यांना आवडतं, कारण रंग निवडायचे, आकृती जमवायची, फोटो टाकायचा. पुढे अस्तर जोडणं, तीन थर ताणून पसरणं, गाठी मारणं आणि शेवटी चारी बाजूंनी गोट लावणं, हे कुणाला नको असतं. आपल्या एकांकिकेला काम करायला दहा जण असतात आणि खुर्च्या उचलायला दोघे, तसंच. प्रत्येक गिल्डच्या कपाटात टॉपांची चळत असते. कुणी कंटाळलं म्हणून, कुणाचे डोळे गेले म्हणून, कुणी गेलंच म्हणून, सगळी थांबलेली. आमच्या गिल्डची एक सभासद गेल्या वर्षी वारली. तिच्या मुलीनं तीन खोकी आणून दिली, एकूण एक टॉप सुंदर, एकालाही अस्तर नाही.

ती खोकी मी मागून घेतली आहेत. म्हणून माझा आग्रह असा की आपण पहिले काही महिने एकही नवं टॉप जोडायचं नाही. फक्त पुरं करायचं. अस्तर पसरा, दर चार-पाच इंचांवर जाड सुती दोऱ्यानं गाठ मारा, कडा दुमडा, शिवा, धुवा, द्या. याला कौशल्य फारसं लागत नाही, त्यामुळे नवशिक्यालाही पहिल्याच शनिवारी एक तरी रजई पुरी झालेली दिसते. कुणाचं नाव खाली लिहायचं हा प्रश्न निघणार हे मला माहीत आहे. जिचं टॉप तिचं. आपलं नाही.

ज्यांना आकृत्या जमवायची हौस आहे त्या नाराज होतील. त्यांनी घरी जमवाव्यात, पण अस्तरासकट आणाव्यात.

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: शनिवारचा गोधडी गट: हात हवेत

मृताची खोकी पुरी करायची असतील तर माझा आकडेमोडीचा आक्षेप मागे. कार्यकारिणीनं दोरा, सुया आणि कात्र्यांसाठी रक्कम मंजूर केली आहे. पावत्या हव्यात, दुकानाची साधी चिठ्ठी पावती नसते. फराळ ज्याचा त्यानं. कवंडीवाल्या साहेबांनी आजींना पावणेदहाला घ्यावं.

एक तांत्रिक सूचना: त्या खोलीत सगळे प्लग एकाच सर्किटवर आहेत. भोंडल्याच्या वेळी दोन इस्त्र्या एकदम लावल्या आणि अर्धा हॉल अंधारात गेला होता. इस्त्री एका वेळी एकच. दुसरी आणायची असेल तर लांब वायर घेऊन बाहेरच्या पॅसेजमधून जोडा.