‘नेस्टेड स्ट्रक्ट’ आणि ‘इन्स्टन्स’ला मराठी शब्द?

प्रश्न: मुलांसाठी स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या टिपणवह्या मराठीत लिहितोय. ‘ग्राहक’ या स्ट्रक्टच्या (माहितीच्या साच्याच्या) आत ‘पत्ता’ हे दुसरं स्ट्रक्ट आहे. अशा आतल्या स्ट्रक्टला काय म्हणावं? आणि साच्यावरून बनणाऱ्या प्रत्यक्ष वस्तूला, म्हणजे ‘इन्स्टन्स’ला, ‘उदाहरण’ लिहिलं, तर मुलं विचारतात, कशाचं उदाहरण?

– अंतर्गत संरचना.

– ‘अंतर्गत’ नको. त्याने वाटतं की ग्राहक तयार केला की आतला पत्ताही आपोआप तयार झाला. तसं मुळीच होत नाही. आत लिहिल्याने फक्त नाव आत जातं. म्हणून मी ‘पोटरचना’ सुचवेन, पण पोटमाळ्यातलं पोट नव्हे, पोटकलमातलं. कायद्यात बाहेरून उल्लेख करताना ‘कलम ५, पोटकलम २’ असं पूर्ण सांगावं लागतं. त्याच कलमाच्या आत नुसतं ‘पोटकलम २’ पुरतं. स्विफ्टमध्ये हुबेहूब तेच. बाहेरून
ग्राहक.पत्ता(गाव: "वाई", पिन: "४१२८०३")
आणि ग्राहकाच्या महिरपी कंसात नुसतं पत्ता(…). इथे ग्राहकाचा एकही इन्स्टन्स लागत नाही, हे मुलांना आवर्जून दाखवा.

इन्स्टन्सला माझं मत ‘नग’. साचा एक, मोदक अनेक. प्रत्येक मोदक एक नग. दुकानदारही हा शब्द रोज वापरतो. ‘प्रत’ मला आधी आवडायचा, पण स्ट्रक्टचा नग दुसऱ्या चलाला (व्हेरिएबलला) दिला की त्याची खरोखरच प्रत होते. तो शब्द तिथे लागणार, इथे खर्चू नये.

– ‘पोटरचना’ पटला, आणि आमची एक अडचणही त्यातून सुटली. एका मुलीने ग्राहकाच्या नगावर थेट .गाव लिहिलं, कंपायलरने (कोड तपासून चालण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामने) असा सदस्यच नाही म्हणून सांगितलं. पोटरचना होती, पण पत्त्याचा नग ठेवायला ग्राहकात जागाच नव्हती. ती करायला गेलो तर नवा पेच. इंग्रजीत प्रकाराचं (टाइपचं, जसं स्ट्रक्टचं) नाव मोठ्या अक्षराने आणि चलाचं लहान अक्षराने सुरू करतात, म्हणून एकच शब्द दोन्हीकडे चालतो. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत.

– मग चलाला विशेषण जोडा: प्रकार ‘पत्ता’, चल ‘घरचा_पत्ता’. नग करताना ग्राहक(घरचा_पत्ता: ग्राहक.पत्ता(…)), आणि वाचताना .घरचा_पत्ता.गाव. स्विफ्ट देवनागरी नावं घेते, इनिटही (नग तयार करणारा कोड) वेगळं लिहावं लागत नाही.