मदत हवी आहे: जुना क्वाड ४०५ अँप्लिफायर घेण्याआधी काय काय तपासू?
मंडळी, ओळखीतल्या एका काकांकडे क्वाड ४०५ पॉवर अँप (स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर) पडून आहे, १९७५ ला आलेलं मॉडेल, करंट डंपिंगवालं (म्हणजे छोटा अचूक अँप आवाज सांभाळतो, मोठे ट्रान्झिस्टर नुसता जोर पुरवतात), ८ ओहमला चॅनलमागे १०० वॉट. विकायचाय म्हणतायत, भाव अजून ठरायचाय. बरीच वर्षं चालू केलेला नाहीये त्यामुळे थेट प्लगात खुपसायची माझी हिंमत नाही, आधी सिरीजमध्ये १०० वॉटचा साधा पिवळा, तारेचा बल्ब लावून बघणार, क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट. मग स्पीकर न जोडता आउटपुटला मल्टिमीटरने डीसी मोजायचं, थोडेच मिलिव्होल्ट हवेत. इथपर्यंत कळतंय. बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरमधला स्थिर करंट) सेट करायला प्रीसेटच, म्हणजे फिरवायचा छोटा स्क्रूच, नाही यात, हे बाकी भारी आहे!

आता अडलंय ते असं, सप्लायचे दोन मोठे १०,००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर फुगलेले दिसत नाहीत, तरी वयामुळे बदलावेतच का? एक रिपेअरवाला म्हणतो आउटपुट ट्रान्झिस्टरपण सरसकट बदलून टाकू, मला नाही पटत, चालू असतील तर मूळचेच राहू देत ना, बाजारात डुप्लिकेट माल किती आहे माहितीये सगळ्यांना. आणि पुण्यात सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी सर्किट डायग्राम बघणारा कुणी कारागीर आहे का?