'त्रिमिती' की 'अडीच मिती'?

प्रश्न : पाणलोटाच्या कामाचा रंगीत नकाशा परवा ग्रामसभेत लावला होता. मथळा 'त्रिमिती नकाशा'. शेजारचे आजोबा म्हणाले, "तीन मित्या कोणत्या बाप्पा? कागदावर तं एकच राह्यते." त्यांची मिती म्हणजे जुन्या खरेदीखतातली, 'मिती चैत्र शुद्ध ५'. शब्द चुकला का?

– आजोबा बरोबरच आहेत. 'मा' म्हणजे मोजणे, त्यातून मिती. दिवसही मोजायचे, वावरही. लांबी, रुंदी, उंची म्हणून त्रिमिती. शब्दात खोट नाही, लावला मात्र भलत्या नकाशाला. असे नकाशे बहुतेक उंचीच्या जाळीवरून काढतात: एक चौकोन, एक आकडा. २००० साली अंतराळयानातून रडारने मोजलेली एसआरटीएमची जाळी सर्रास वापरतात, तिचा चौकोन साधारण ३० मीटरचा. सातबाऱ्याच्या भाषेत ९ आर जमिनीला एकच उंची! धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, त्यात कुठला दिसायला? अशा नकाशाला जाणकार 'टू पॉइंट फाइव्ह डी' म्हणतात. मी 'अडीच मिती' म्हणतो.

– अडीच म्हटलं की मला बुद्धिबळातला घोडा आठवतो. उंची अर्धीच मोजली असं नाही का वाटणार?

– वाटेल खरं. पण उंची पुरीच असते, फक्त एका जागेला एकदाच मिळते. आमच्या विहिरीत तळाशी आडवं बोअर मारलं, ते शेजाऱ्याच्या वावराखाली गेलं. वर त्याची तूर, खाली आमचं बोअर. (भांडण झालं, ते राहू द्या.) आता त्या जागेची उंची कोणती लिहायची, तुरीची की बोअरची? जाळीत रकाना एकच. तिथे खरी त्रिमिती लागते: संगणकातल्या नकाशात बोअरला चहूबाजूंनी त्रिकोणी पत्र्यांनी मढवायचं, नाहीतर जमीनच ठोकळ्याठोकळ्यांनी रचायची आणि बोअरचे ठोकळे रिकामे ठेवायचे. उलट लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंद, तरी अडीच मितीत आरामात बसतं, कारण ते वरून उघडं आहे. खोलीचा इथे संबंध नाही, एकावर एक काय आहे ते बघायचं.

– आणि नकाशात सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, त्यांना 'समोच्च रेषा' म्हणायचं का?

– पुस्तकात. बांधावर सगळे 'कंटूर'च म्हणतात, मजूरसुद्धा.

– बरं, मथळा खोडून 'उंचीचा नकाशा' करतो. आमचा धुरा कुठं गेला, हे आजोबा विचारतीलच.