शब्दचर्चा : व्हॉल्व्हचा आवाज ‘उबदार’ की ‘जवारीदार’?

प्रश्न (फोंडा) : जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रेडिओविषयी आणि ॲम्प्लिफायरविषयी लिहिताना ‘उबदार आवाज’ हा प्रयोग हल्ली सर्रास आढळतो. मला तो खटकतो. त्याऐवजी कोणता शब्द वापरावा, आणि यंत्रावर मोजता येणाऱ्या गुणाशी त्याचा मेळ घालता येईल का?

उत्तर (म्हापसा) : ऊब गोधडीची किंवा कुशीची असते, मे महिन्यात गोव्यात कोणाच्या आवाजाला उबदार म्हटले तर ती स्तुती समजली जाणार नाही, ही गोष्ट अलाहिदा. माझी खरी तक्रार अशी, की या एका शब्दाखाली दोन निरनिराळे गुण झाकले जातात. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये, विशेषतः सिंगल-एंडेड रचनेत, म्हणजे जेथे संपूर्ण ध्वनिलहर एकच व्हॉल्व्ह वाढवतो तेथे, मूळ स्वरात दुप्पट कंप्रतेचा (दर सेकंदाच्या कंपनसंख्येचा) उपस्वर मिसळतो. मोजणाऱ्याच्या लेखी ती विकृती होय आणि तो ती टक्क्यांत मांडतो. परंतु षड्जाची दुप्पट कंप्रता म्हणजे तार षड्ज आणि तिप्पट म्हणजे तार सप्तकातील पंचम, हे ध्यानात घेतले की गवयाला त्यात तंबोराच ऐकू येतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हाही उपस्वरच खुलवले जातात. म्हणून या गुणाला मी ‘जवारीदार’ म्हणेन. गळ्याविषयी हा शब्द आपण वापरतोच. दुसरा गुण म्हणजे जुन्या स्पीकरमुळे किंवा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे वरच्या कंप्रता उतरत जाणे. त्याला ‘मऊ’ पुरे. तेथे उपस्वर वाढत नसून गळत असतात, तेव्हा जवारीचे नाव घेणे चूक ठरेल.

प्रश्न (फोंडा) : आभारी आहे. मग ‘भरीव’ का नको?

उत्तर (म्हापसा) : ‘भरीव’ फसवा आहे. आमच्या घरच्या रेडिओतील फिल्टरचे, म्हणजे विजेतील चढउतार सपाट करणारे, कपॅसिटर सुकले होते आणि त्यामुळे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेपासून उपजणारी १०० हर्ट्झची घूं-घूं गाण्यामागे सतत चालू असे. कपॅसिटर बदलल्यावर मीटरवर ती जवळजवळ नाहीशी झाली, पण स्वयंपाकघरातून ऐकणारी आई म्हणाली, “आवाजातला भरीवपणा गेला.” १०० हर्ट्झ हा खर्जाचाच टापू असल्याने तिला भासलेला भराव खोटा नव्हता; तो गाण्याचा मात्र नव्हता. आता ती त्याच रेडिओला ‘कोरडा’ म्हणते, आणि हा शब्द कोणत्या मापाशी जोडावा, हे मला अद्याप साधलेले नाही.