वकील न लावता केस लढवताना पुराव्याच्या प्रती कशा मागायच्या?

प्रश्न: आरोपपत्र मिळालं, पण सीसीटीव्हीचा पेनड्राइव्ह नाही. सरकारी वकील म्हणतात, कोर्टात येऊन बघा.

उत्तर १: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी खटल्यांच्या प्रक्रियेचा कायदा), कलम २३०. आरोपी कोर्टात हजर झाल्यापासून १४ दिवसांत मोफत प्रती, वकील असो वा नसो. 'बघून घ्या' हे कागद अवाढव्य असतील तरच. फुटेजही दस्तऐवजच (सुप्रीम कोर्टाचा पी. गोपालकृष्णन निकाल, २०१९), पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर मात्र फक्त पाहता येतं.

उत्तर २: पोचवर सही करताना 'पेनड्राइव्ह मिळाला नाही' असं लिहाच, नाहीतर रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) 'प्रती मिळाल्या' अशी नोंद होते. अर्जात पंचनाम्याची तारीख, मुद्देमाल क्रमांक द्या. 'सगळे पुरावे द्या' असा मोघम अर्ज टिकत नाही.

उत्तर ३: पोलिसांनी जप्त केलं पण पुरावा म्हणून वापरलं नाही, त्याची यादीही मागा. गरज पडली तर त्याच संहितेचं कलम ९४, म्हणजे वस्तू किंवा कागद हजर करायचा आदेश कोर्टाकडून मागा. केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) मिळणार नाही.