अलाबामाचं बास्केटबॉल: हा वेग आहे की नुसती घाई?

हंट्सव्हिलकर (१ डिसेंबर २०२४)

काल लास व्हेगासमध्ये ओरेगनने आपल्याला ८३-८१ असं हरवलं. गेले दोन आठवडे पोटात ठेवलेलं आता बोलूनच टाकतो. आठ सामने झाले, सहा जिंकले, दोन हरले. मोसम सुरू होताना देशात दुसऱ्या नंबरवर असलेल्या टीमसाठी हा काही आकांत करण्यासारखा हिशेब नाही, मान्य. पण खेळ बघवत नाही.

ज्यांनी ही टीम पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठाचे कोच नेट ओट्स एकेकाळी मिशिगनमधल्या शाळेत गणिताचे मास्तर होते. बफेलोला कोच होते, तिथून २०१९ साली इथे आले. त्यांचं तंत्र मास्तरांना शोभेल असंच: एक तर थ्री मारा (लांबच्या रेषेबाहेरून, बसला तर तीन गुण), नाहीतर थेट रिंगखाली घुसा. मधल्या पट्ट्यातून, बारा-पंधरा फुटांवरून मारणं म्हणजे ताबा वाया घालवणं. आणि हे सगळं धावत धावत. शॉट क्लॉक, म्हणजे फटका मारायची मुदत, तीस सेकंदांची असली तरी आपल्या पोरांना दहाव्या सेकंदालाच हाताला खाज सुटते. गेल्या वर्षी याच खेळाने सामन्याला सरासरी ९० गुण केले, देशात सर्वाधिक. विद्यापीठ पहिल्यांदा फायनल फोरला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चौघांत गेलं. त्या रात्री मीही दिवाणखान्यात नाचलो होतो, खोटं कशाला बोलू.

यंदा मात्र पर्ड्यूने त्यांच्या घरी ८७-७८ असं झोडलं. त्यांचा सव्वासात फुटी झॅक ईडी एनबीएत निघून गेलाय, तरी ट्रे कॉफमन-रेनने आपल्या रिंगखाली बसून २६ गुण काढले. रटगर्सविरुद्ध ९५-९० जिंकलो, पण त्यांच्या पहिल्या वर्षाच्या डिलन हार्परने एकट्याने ३७ केले. इलिनॉयविरुद्धचा सामना बघायला मुलाला घेऊन दीड तास गाडी हाकत बर्मिंगहॅमला गेलो. १००-८७ जिंकलो. घसा बसला. परतताना मुलाला विचारलं, कुठलं बास्केट लक्षात राहिलं? त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "बाबा, सगळी सारखीच होती."

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. हे पाय पळतात जोरात, पण थांबायचं कधी ते त्यांना कळत नाही.

गणितवाला (१ डिसेंबर)

काका, पाळण्यातल्या पायांवर एवढं मोठं भविष्य नको. साधा हिशेब करू. शंभरात ३४ थ्री बसले तर १०२ गुण. मधल्या पट्ट्यातले ४० बसले (आणि ४० म्हणजे चांगलाच नेमबाज बरं का) तर ८०. रिंगखालचे ६० बसले तर १२०. मग मधलं दुकान कोण उघडेल?

दुसरं म्हणजे, 'समोरच्याने ८७ केले, ९० केले' हा तक्रारीचा मुद्दाच होऊ शकत नाही. आपण वेगाने खेळतो म्हणून चेंडू जास्त वेळा इकडून तिकडे जातो. ऐंशी वेळा ताबा मिळून ८७ करणारी टीम आणि साठ वेळा मिळून ७० करणारी टीम, यात दुसरीने आपल्याला जास्त फोडलंय. डिफेन्स मोजायचा तर दर ताब्यामागे मोजा.

आणि इलिनॉयच्या ज्या सामन्यातलं एकही बास्केट तुमच्या चिरंजीवांना आठवत नाही, त्यात मार्क सिअर्सने शून्य गुण केले होते. शून्य! आपला सगळ्यात मोठा खेळाडू कोरडा राहतो आणि टीम शंभर करते. 'सगळी सारखीच' म्हणजे कोणीही मारलं तरी बसतं. ही माझ्या मते स्तुती झाली.

नागपाड्याचा गार्ड (१ डिसेंबर)

वय वर्षे ६१. नागपाड्याच्या सिमेंटवर गुडघे फोडून घेतलेला माणूस आहे, त्यामुळे जुनाट वाटलो तर चालवून घ्या.

गणितवाले, तुमच्या तक्त्यात एक रकाना राहिला. थ्री चुकला की चेंडू रिंगवर आपटून लांब उडतो. दहा-बारा फूट, कधी त्याहून जास्त. जवळून मारलेला चुकला तर बहुतेक वेळा खालीच पडतो, तिथे आपला उंच गडी उभा असतो. लांब उडालेला चेंडू समोरच्या गार्डच्या हातात पडतो आणि तो तसाच सुटतो. आपले दोघे अजून कोपऱ्यात हात वर करून उभे! आमचे सर घाईत मारणाऱ्याला विचारायचे, "रिबाउंडला कोण आहे ते बघितलंस का?" उत्तर नसलं तर ग्राउंडला फेऱ्या. मी त्या फेऱ्या भरपूर मारल्यात.

तेव्हा चुकलेल्या थ्रीची किंमत शून्य धरू नका. काही वेळा ती उणे दोन असते.

वऱ्हाडी बाणा (१ डिसेंबर)

हे तर बझबॉल झालं राजेहो! चाललं तर वा वा, नाही चाललं तर 'आमी असेच खेळतो'. इंग्लंडवाल्यायले इचारा, भारतात येऊन चार-एक हरले तवा कसं वाटलं.

गणितवाला (१ डिसेंबर)

@वऱ्हाडी बाणा: मजा आली, पण तुलना बसत नाही. क्रिकेटमध्ये विकेट गेली की गडी तंबूत. इथे थ्री चुकला तर वीस सेकंदांनी तोच माणूस पुन्हा मारू शकतो.

उलट वेगाने खेळणं हाच सुरक्षित मार्ग आहे. तुम्ही समोरच्यापेक्षा बरे असाल तर सामना जितका लांबेल, तितकं नशिबाचं माप कमी होतं. नाणं दहा वेळा उडवलं तर काहीही होईल, हजार वेळा उडवलं तर खरं काय ते कळतं. संथ खेळणारे बलाढ्य लोक स्वतःहून सामना छोटा करतात. २०१८ ची व्हर्जिनिया आठवा. डिफेन्सचा आदर्श, मार्चमधल्या राष्ट्रीय बाद स्पर्धेत पहिलं मानांकन, आणि सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ असा मार. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असं कधीच झालं नव्हतं.

@नागपाडाकाका: रकाना मान्य. पण उणे दोन दर वेळी नाही हो, अर्धा गुण धरू.

हंट्सव्हिलकर (२ डिसेंबर)

व्हर्जिनियाचं अर्धंच सांगितलंत. तीच टीम, तोच कोच, तीच गोगलगायीची चाल, आणि पुढच्याच वर्षी २०१९ ला राष्ट्रीय विजेते. चाल बदलली नाही. न बसणारा एक दिवस येऊन गेला, इतकंच.

आता आपला न बसणारा दिवस काढू? मार्च २०२३. आपण स्पर्धेतले अव्वल मानांकित. समोर सॅन डिएगो स्टेट, जे डिफेन्सशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. आपण २७ थ्री मारले, त्यातले बसले तीन. हरलो ७१-६४. तुमच्या तक्त्याने ३४ टक्के म्हटलं होतं ना? मार्चमध्ये हरलं की घरी जायचं असतं, सरासरी काढायला दुसरा सामना मिळत नाही. थ्री बसत नाहीत अशा संध्याकाळी दुसरा काय धंदा येतो ते मला विचारायचंय, आणि ते नोव्हेंबर-डिसेंबरातच शिकायला हवं. ॲशव्हिलला ११०-५४ लोळवून ते शिकता येत नाही.

मृण्मयी टी (२ डिसेंबर)

मुलगी टस्कलूसाला दुसऱ्या वर्षाला आहे, विद्यार्थ्यांच्या स्टँडमध्ये उभी राहून बघते. त्यामुळे या घरात सामन्यानंतर तासभर फोन ठरलेला.

तुम्ही दोघं थ्री-थ्री करत बसलात आणि मुख्य गोष्ट राहिली असं वाटतं. २०२३ ची टीम आठवा. तीही अशीच पळायची, आणि तरी केनपॉमच्या (कॉलेज टीमांची आकडेवारी मांडणारी साइट) क्रमवारीत तिचा डिफेन्स पहिल्या पाचात होता. ब्रँडन मिलर, क्लाउनी, मागे बेडियाको. म्हणजे वेग आणि डिफेन्स एका घरात नांदू शकतात. गेल्या वर्षी तोच वेग, तेच कोच, आणि डिफेन्स पहिल्या शंभरातही नाही. मग दोष वेगाला कसा द्यायचा? माणसं बदलली.

यंदा पुन्हा बदललीत. ओमोरुई रटगर्सहून आला, हॉलोवे तर राज्यातल्याच कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नहून (शेजारच्या घरातून पळून आलेली सून म्हणा!), लबॅरन फिलॉन मोबीलचा आणि पहिल्या वर्षाचा. यंगब्लड घोट्यामुळे बाहेर. त्यात शनिवारी राइटसेलची टाच गेली, अकिलीस. त्याचा मोसम संपला. त्याचं फार वाईट वाटलं, कारण मारणारा आणि अडवणारा, दोन्ही तोच होता. अशी टीम आक्रमण महिन्याभरात शिकते, कारण त्यात प्रत्येकाला हात साफ करायचा असतो. डिफेन्सला मात्र एकमेकांची सवय लागते. माझ्या मागे कोण आहे, तो कधी सरकेल, ओरडून सांगेल का. कॉफमन-रेनचे निम्मे बास्केट मदतीला येणारा एक पाऊल उशिरा पोचला म्हणून झाले. पळण्याचा त्यात काय संबंध?

आणि ओट्स नुसते आकडेवाले नाहीत हो. सैल चेंडूवर झेप घेणं, हात घालून पास अडवणं, समोरच्याची धडक अंगावर घेणं याचे वेगळे गुण मोजतात आणि जास्त मिळवणाऱ्याला बांधकामावरच्या मजुराची हेल्मेट देतात. बफेलोपासूनची त्यांची रीत आहे.

नागपाड्याचा गार्ड (२ डिसेंबर)

मृण्मयीताई, बाकी सगळं पटलं. पण पळून पळून दमलेला माणूसच एक पाऊल उशिरा पोचतो की! ह्यूस्टनशी ओव्हरटाइम खेळले मंगळवारी, दुसऱ्याच रात्री रटगर्स. हार्परचे ३७ त्याच रात्रीचे. पाय नव्हते पोरांचे. मदतीला सरकायचं डोक्यात असतं, पण पाय हलत नाहीत.

अवांतर: त्या व्हेगासच्या स्पर्धेत प्रत्येक टीमच्या खेळाडूंसाठी दहा लाख डॉलर होते म्हणे. आम्हाला आंतरमहाविद्यालयीन फायनल जिंकल्यावर वडापाव आणि एक टॉवेल मिळाला होता. टॉवेल अजून आहे.

गणितवाला (२ डिसेंबर)

ह्यूस्टनचं नाव निघालंच आहे तर. केल्विन सॅम्पसनची टीम म्हणजे संथ, धसमुसळी, समोरच्याला साठच्या पुढे जाऊ देताना जिवावर येणारी. काकांच्या म्हणण्याप्रमाणे आपण अशा टीमपुढेच मोडायला हवं होतं. ८५-८० जिंकलो. ह्यूस्टनवर ८५! यावर हंट्सव्हिलकर अजून काहीच बोललेले नाहीत, याची नोंद घ्यावी.

हंट्सव्हिलकर (५ डिसेंबर)

नोंद घेतली. बोलतो.

काल चॅपेल हिलला जाऊन नॉर्थ कॅरोलायनाला ९४-७९ हरवलं आणि इथले काही लोक मला व्हॉट्सॲपवर हत्तीचे (आपल्या टीमचं बोधचिन्ह) फोटो पाठवतायत. हरकत नाही. पण नॉर्थ कॅरोलायना स्वतःच पळणारी टीम. आपल्याच चालीने आपल्याशी शर्यत लावली तर हरणारच, माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

ह्यूस्टनचं मात्र आहे. मी तो सामना काल रात्री पुन्हा बघितला. बायको म्हणाली निकाल माहीत असून काय बघताय. शेवटच्या दहा मिनिटांत आणि ओव्हरटाइममध्ये आपण घाई केलेली नाही, म्हणजे माझ्या डोळ्यांना तरी तसं दिसलं. सिअर्स चेंडू घेऊन थांबला, पिकची (अडवणाऱ्याच्या वाटेत उभं राहणाऱ्या साथीदाराची) वाट बघितली, आत घुसला, फ्री थ्रो काढले. थोडक्यात, थांबायचं कधी ते यांना कळतं. समोर ह्यूस्टन असली की कळतं, इतरांसमोर कळवून घेत नाहीत. त्यामुळे 'थांबायचं कधी ते कळत नाही' हे माझं वाक्य मागे घेतो. 'थांबत नाहीत' असं लिहितो. हा दोष जास्त चीड आणणारा आहे.

मृण्मयीताई, २०२३ च्या डिफेन्सचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण मिलर यंदा कोण आहे?

मृण्मयी टी (५ डिसेंबर)

कोणी नाही. मिलर दर वर्षी सापडत नाही. पण फिलॉनकडे लक्ष ठेवा. मुलगी म्हणते, तो चेंडू नसतानाही मान वळवून मागे बघत असतो.

वऱ्हाडी बाणा (५ डिसेंबर)

म्हंजे काका अर्धे हारले अन् गणितवाले अर्धे जिंकले. बाकीचा अर्धा कोनापाशी हाय?

गणितवाला (५ डिसेंबर)

काका, १४ तारखेला क्रायटन टस्कलूसाला येतेय. माझ्याकडे दोन तिकिटं जास्त आहेत, तुम्ही आणि चिरंजीव या. तुम्ही पहिल्या दहा सेकंदांत मारलेले फटके मोजा, किती बसले ते मी लिहितो. नागपाडाकाकांसाठी लांब उडालेल्या रिबाउंडचा वेगळा रकाना आखतो.

नागपाड्याचा गार्ड (५ डिसेंबर)

उणे दोनच धरायचं. अर्धा गुण चालणार नाही.