मदत हवी आहे: पाण्यात विरघळतं, तरी बी-१२ शरीरात टिकतं कसं?

नमस्कार मंडळी. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे, म्हणजे क आणि ब गटातली आठ, शरीरात साठत नाहीत, जादा झाली की लघवीवाटे जातात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. बी-२ची गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते, तेव्हा ते पटतंही.

अडतंय ते बी-१२पाशी. थायमिनचा, म्हणजे बी-१चा, साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. क मिळालं नाही तर कोलॅजन (त्वचा, हिरड्यांना बळकटी देणारं प्रथिन) नीट बनत नाही आणि एक ते तीन महिन्यांत स्कर्व्हीची लक्षणं दिसतात. बी-१२ मात्र यकृतात मिलिग्रॅममध्ये साठलेलं असतं आणि रोजची गरज जेमतेम २.४ मायक्रोग्रॅम, त्यामुळे पुरवठा थांबला तरी कमतरता दिसायला काही वर्षं लागू शकतात. मग ते मूत्रपिंडातून निसटत का नाही? रक्तातल्या प्रथिनांना चिकटून राहतं म्हणून, की पित्तातून आतड्यात उतरलेलं परत शोषलं जातं म्हणून? यातलं जास्त महत्त्वाचं काय?

दुसरं, बी-६. हेही पाण्यात विरघळणारंच, पण मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर हातापायांच्या नसांना इजा होते. जादा बाहेर पडत असेल तर ही इजा होते कशी? (‘जादा घेतलं तरी चालतं’ हे वाक्य मला तरी धोक्याचंच वाटतं.)

फॉलिक आम्लाने (बी-९) रक्तक्षय सुधारतो, पण बी-१२अभावी होणारं नसांचं नुकसान चालूच राहतं, हे वाचलंय, त्यामुळे ते सांगू नका. जीवरसायनशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर सविस्तर लिहा. गोळ्यांचा सल्ला नकोय.